आधी जन्ममहिना, मग शाळा

ब्रिटनमधल्या निवासी शाळांबद्दल वाचकांचे प्रश्न

परदेशी शिक्षणाच्या या सदराकडे या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत: मुलाला किंवा मुलीला इंग्लंडमधल्या खासगी निवासी शाळेत घालायचं म्हणतोय, सुरुवात कुठून करू? निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एक खुलासा आधीच करतो. ईटन, हॅरो, रग्बी अशा शाळांना तिकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात, पण त्या सरकारी नाहीत. भरभक्कम फी भरून शिकायच्या त्या खासगी शाळा आहेत. सरकारी शाळेत परदेशी मुलाला विद्यार्थी व्हिसावर जाताच येत नाही, त्यामुळे आपला संबंध फक्त खासगी शाळांशी.

प्रश्न (नाशिक): माझा मुलगा फेब्रुवारी २०१४ चा आणि भावाची मुलगी ऑक्टोबर २०१४ ची. दोघंही २०२६-२७ मध्ये सातवीत. दोघांनाही ‘इयर नाइन’ला पाठवायचा विचार आहे. एजंट म्हणतो, मुलाला सप्टेंबर २०२७ ला जावं लागेल आणि पुतणीला सप्टेंबर २०२८ ला. एकाच वर्गातल्या मुलांना असं कसं?

एजंट बरोबर सांगतोय. तिथली इयत्ता आपल्या दाखल्यावर किंवा मार्कांवर ठरत नाही. शाळा सप्टेंबरात सुरू होते आणि त्या वर्षी ३१ ऑगस्टपर्यंत किती वर्षं पूर्ण झाली तेवढंच बघतात. ११ पूर्ण असतील तर इयर सेव्हन, १३ पूर्ण तर इयर नाइन, १६ पूर्ण तर इयर ट्वेल्व्ह, म्हणजे ए-लेव्हल या तिथल्या अकरावी-बारावीचं पहिलं वर्ष. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात. दोन तारखांमध्ये चार महिन्यांची फट आहे आणि सप्टेंबर ते डिसेंबरात जन्मलेली मुलं नेमकी तिच्यात सापडतात.

वेळेवर पहिलीत घातलेल्या मुलांसाठी आडाखा सोपा आहे. जन्म जानेवारी ते ऑगस्टमधला असेल तर आपल्या इयत्तेत एक मिळवा, सप्टेंबर ते डिसेंबरमधला असेल तर आपला आकडा तोच तिथला. तुमचा मुलगा आज सातवीत असला तरी तिथल्या हिशेबाने इयर एटमध्ये आहे आणि पुतणी इयर सेव्हनमध्ये. ‘इयर नाइन म्हणजे नववी’ हे पुतणीच्या बाबतीत योगायोगाने खरं ठरतं, मुलाच्या बाबतीत नाही. तो आठवीत असतानाच इयर नाइनला जाईल.

याचा पुढचा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. प्रवेशाचे खरे दरवाजे चारच: इयर सेव्हन, नाइन, टेन आणि ट्वेल्व्ह. इयर टेनला जीसीएसई हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू होतो, म्हणून तोपर्यंत शिरता येतं. इयर इलेव्हनला शिरायचं म्हणजे निम्मा अभ्यासक्रम होऊन गेलेला. इंग्रजी साहित्यातली पुस्तकं इतरांनी वर्षभर वाचलेली, विज्ञानाचे प्रयोग करून संपलेले, आणि आधीच्या शाळेचं परीक्षा मंडळ वेगळं. चांगल्या शाळा बहुधा घेतच नाहीत. पुतणीला दहावी करून पाठवायचं ठरवलंत तर ती वयाने याच इयर इलेव्हनमध्ये अडकेल. मग तीन वाटा उरतात: एका वर्षात जीसीएसई करवून घेणारी शाळा शोधणं, इथे आणखी एक वर्ष शिकून इयर ट्वेल्व्हला जाणं, किंवा वयापेक्षा एक वर्ष पुढच्या वर्गात बसवायला शाळा तयार आहे का ते विचारणं. म्हणून प्रवेश विभागाला पहिला ईमेल लिहाल तेव्हा पहिल्याच ओळीत जन्मतारीख लिहा आणि कोणत्या वर्षगटात धराल ते लेखी मागा. शाळांची यादी त्यानंतर.

प्रश्न (पुणे): मुलगा चौथीत आहे, जन्म मे २०१७. ईटन किंवा हॅरो मनात आहे. आठवीपर्यंत थांबून अर्ज केला तर चालेल ना?

नाही चालणार. तोपर्यंत दार बंद झालेलं असेल. या शाळा मुलाला १३ व्या वर्षी घेतात, पण निवड त्याआधी दोन-तीन वर्षं सुरू होते. ईटनची नोंदणी इयर फाइव्हच्या ३० जूनला बंद होते. तुमचा मुलगा २०२६-२७ मध्ये तिथल्या हिशेबाने इयर फाइव्हमध्ये येतो, म्हणजे नोंदणीची शेवटची तारीख ३० जून २०२७ आणि प्रत्यक्ष प्रवेश सप्टेंबर २०३० ला. हॅरो आणि इतर मोठ्या शाळांच्या तारखा थोड्या पुढेमागे असतात, त्या प्रत्येक शाळेच्या संकेतस्थळावर पाहून एका कागदावर मांडा.

नोंदणीनंतर बहुतेक मोठ्या शाळा ‘आयएसईबी प्री-टेस्ट’ घेतात. ही संगणकावरची बहुपर्यायी परीक्षा आहे, एकूण साधारण सव्वादोन तासांची. चार भाग: इंग्रजी, गणित, शाब्दिक तर्क, आणि आकृत्यांवरचा तर्क. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण होतो आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. आपल्या मुलांचं गणित सहसा निभावून जातं. मार खातात ती शाब्दिक तर्कात, कारण तिथे समानार्थी-विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांची कोडी असतात, आणि ती रोजच्या अवांतर वाचनातून येतात, पाठांतरातून येत नाहीत. आकृत्यांचा भाग त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. शिष्यवृत्ती परीक्षेची बुद्धिमत्ता चाचणी केलेल्या मुलांना मात्र तो ओळखीचा वाटतो. शिष्यवृत्तीचा अभ्यास इथे असा आडून उपयोगी पडतो.

ही परीक्षा एका शैक्षणिक वर्षात एकदाच देता येते आणि एकाच निकालावर अर्ज केलेल्या सगळ्या शाळा विचार करतात. ‘आधी एकदा देऊन बघू’ हा विचार महागात पडेल. सरावासाठी सराव चाचण्या आहेत, त्या वापरा. त्यानंतर मुलाखत, शाळेत किंवा ऑनलाइन एक दिवसाची निवड प्रक्रिया, आणि मग सशर्त प्रवेश.

दोन्ही शाळा फक्त मुलग्यांच्या आहेत आणि तिथे सगळेच वसतिगृहात राहतात. नेहरू हॅरोत शिकले हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे या दोन नावांपलीकडे यादी सरकतच नाही. ज्यांच्या तारखा निघून गेल्या आहेत त्यांनी हळहळत बसू नये. इयर नाइनसाठी आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत परीक्षा घेणाऱ्या चांगल्या शाळा पुष्कळ आहेत.

प्रश्न (पुणे): त्यापेक्षा वेलिंग्टन कॉलेजची पुण्यातली शाळा किंवा हॅरोची बेंगळुरूतली शाळा घेतली, तर पुढे इंग्लंडच्या मूळ शाळेत सरळ प्रवेश मिळतो का?

सरळ मिळत नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या शाळा मूळ शाळेच्या नावाने चालतात, पण प्रवेश स्वतंत्र, अर्ज स्वतंत्र, परीक्षा स्वतंत्र. ब्रिटिश अभ्यासक्रमाची सवय होते हा फायदा खरा, तेवढाच धरा.

प्रश्न (कोल्हापूर): सल्लागाराने एक पैसाही न घेता तीन शाळांची नावं दिली. तिन्हींची माहितीपत्रकं सुंदर आहेत. शाळा खरंच चांगली आहे हे इथे बसून कसं ओळखायचं?

सल्लागार फुकट काम करत नाही, त्याला शाळेकडून कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, पण जी शाळा कमिशन देत नाही तिचं नाव तो घेणार नाही. तेव्हा त्याला सरळ विचारा: या तिघांकडून तुम्हाला पैसे मिळतात का, आणि ज्या देत नाहीत अशा कोणत्या शाळा तुम्ही या मुलासाठी सुचवाल?

मग तीन कागद स्वतः पाहा, तिन्ही फुकट उपलब्ध आहेत. पहिला, ब्रिटिश सरकारची विद्यार्थी व्हिसासाठी परवाना असलेल्या संस्थांची यादी. शाळा तिच्यात नसेल तर विषय संपला. दुसरा, इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टरेटचा तपासणी अहवाल. सप्टेंबर २०२३ पासूनच्या अहवालांत ‘उत्कृष्ट’, ‘चांगली’ असा एका शब्दाचा शेरा नसतो. शाळा ठरलेली मानकं पाळते की नाही एवढंच सांगितलेलं असतं. जुन्या अहवालातला ‘उत्कृष्ट’ शब्द माहितीपत्रकावर अजून मिरवत असेल तर अहवालाची तारीख पाहा. नव्या अहवालात ‘मानक पाळलेलं नाही’ असं कुठे असेल तर ते कशाबद्दल आहे ते वाचा. नोंदवहीतली त्रुटी आणि मुलांच्या सुरक्षिततेतली त्रुटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरा कागद बहुतेक पालक बघतच नाहीत: शाळेचा जमाखर्च. बऱ्याच शाळा धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या आहेत आणि त्यांचे वार्षिक हिशेब चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुले असतात. जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागला, एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या अशा शाळांची स्थानिक करातली सवलतही गेली. लहान शाळांना हे पेलवत नाही, काही बंद पडल्या, काही दुसऱ्यांत विलीन झाल्या. मुलगा जीसीएसईच्या मध्यावर असताना शाळा बंद झाली तर नवी शाळा, नवं परीक्षा मंडळ आणि नवा व्हिसा, तिन्ही एकदम येऊन पडतात. सलग दोन-तीन वर्षं खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आणि विद्यार्थी कमी होत चाललेले दिसले, तर ती शाळा यादीतून काढा.

यानंतर प्रवेश विभागाला विचारायचे प्रश्न. ‘वसतिगृहात किती मुलं आहेत?’ हा प्रश्न निरुपयोगी. विचारायचं असं: ‘नेहमीच्या शनिवारी रात्री किती मुलं प्रत्यक्ष मुक्कामाला असतात?’ साप्ताहिक निवासी मुलं शुक्रवारी घरी जातात. शाळेत २०० निवासी मुलं असली आणि शनिवारी ४० च उरत असली, तर तुमचं मूल रिकाम्या इमारतीत रविवार काढणार. पूर्ण निवासी शाळेत शनिवारी वर्ग आणि सामने असतात, रविवारी काहीतरी ठरलेलं असतं. दुसरा प्रश्न: मुलाच्या वर्षगटात एकाच भाषेची किती मुलं आहेत? एका खोलीत किती मुलं, हाउसमास्तर किंवा हाउसमिस्ट्रेस (वसतिगृहप्रमुख) त्याच इमारतीत राहतात का, रात्री कोण जागं असतं, फोन रात्री जमा करतात का, आठवड्याच्या जेवणाचा तक्ता पाठवाल का, हेही विचारा. शाकाहारी मुलांच्या बाबतीत ‘होय, व्यवस्था आहे’ या उत्तरावर थांबू नका. तक्त्यात पाच दिवस चीज-पास्ता आणि दोन दिवस उकडलेल्या भाज्या असतील तर मूल सहा आठवड्यांत कंटाळतं. जैन किंवा अंडं न खाणारी मुलं असतील तर शाळेच्या स्वयंपाकघराशी स्वतंत्र बोलणं व्हायला हवं.

शक्य असेल तर एकदा जाऊन या, आणि जाल तेव्हा शाळा भरलेली असताना जा. जुलै-ऑगस्टमध्ये नुसत्या इमारती दिसतात.

प्रश्न (सांगली): शाळा ‘यूकेआयसेट’ आणि प्रगतिपुस्तकं मागते आहे. आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात फक्त गुण असतात. आणि मुलाखतीची तयारी कशी करून घ्यावी?

यूकेआयसेट ही परदेशी मुलांसाठीची संगणकावरची चाचणी. तीन भाग: तर्क आणि गणित, इंग्रजी वाचन-श्रवण, आणि ३० मिनिटांचा निबंध. गुण मुलाच्या वयानुसार ब्रिटिश मुलांशी ताडून दिले जातात. निबंध मात्र कोणी तपासत नाही, तो जसाच्या तसा शाळेकडे जातो. घोळ इथेच होतो. अर्जासोबतचं ‘माझ्याविषयी’ दुसऱ्या कोणी झोकदार इंग्रजीत लिहून दिलेलं असतं आणि निबंधात मुलाचं खरं इंग्रजी दिसतं. दोन्ही कागद एकाच टेबलावर वाचले जातात. चुका असलेलं पण मुलाचं स्वतःचं लिखाण केव्हाही बरं. इंग्रजी कमी पडलं तर शाळा लगेच नाकारतेच असं नाही, जादा इंग्रजीचे तास लावायला सांगते. ते तास फीत धरलेले आहेत की वेगळे, हे विचारून ठेवा.

प्रगतिपुस्तकं शेवटच्या दोन वर्षांची लागतात. मराठीत असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. नुसते गुण असतील तर वर्गशिक्षक आणि गणित, इंग्रजी, विज्ञानाच्या शिक्षकांकडून प्रत्येकी चार-पाच ओळी मागून घ्या: वर्गात प्रश्न विचारतो का, चूक दाखवली तर काय करतो, कुठे मागे पडतो. मुख्याध्यापकांचं गोपनीय शिफारसपत्र शाळेच्या अधिकृत ईमेलवरून थेट तिकडे जायला हवं. खासगी जीमेलवरून गेलं, किंवा तुम्हीच जोडून पाठवलंत, तर शंका येते. मुख्याध्यापकांना हे आधी समजावून सांगा आणि महिनाभराची मुदत द्या. परीक्षेच्या हंगामात पत्र राहून जातं आणि त्यापायी अख्खा अर्ज अडकतो.

मुलाखत बहुधा २० ते ३० मिनिटांची, व्हिडिओवर. ‘सध्या काय वाचतोस, त्यातलं काय पटलं नाही?’ ‘हे चित्र बघ, काय चाललंय असं वाटतं?’ ‘हे गणित सोडव, पण विचार मोठ्याने कर.’ पाठ केलेलं उत्तर दोन मिनिटांत उघडं पडतं. तयारी करायची तर रोज रात्री दहा मिनिटं मुलाशी इंग्रजीत कशावरही वाद घाला. मुलाखतीच्या वेळी आई-बाबांनी खोलीबाहेर थांबावं. कॅमेऱ्यामागून हळूच सांगितलेलं उत्तर पलीकडे ऐकू जातं.

प्रश्न (ठाणे): मुलगी दहावीत आहे. अकरावी-बारावी म्हणजे ए-लेव्हल तिथे करून मग महाराष्ट्रात एमबीबीएसला यायचं, असा विचार आहे. अर्ज दहावीच्या निकालानंतर करू ना?

अर्जाचं आधी. सप्टेंबरच्या प्रवेशासाठी बहुतेक नावाजलेल्या शाळांत आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये नोंदणी, नोव्हेंबरमध्ये निवडलेल्या विषयांच्या लेखी परीक्षा आणि डिसेंबरच्या सुमारास निर्णय. म्हणजे दहावीच्या सहामाहीच्या धामधुमीतच ही परीक्षा येते. दहावीचा निकाल नंतर अट म्हणून जोडला जातो. निकालानंतर अर्ज केला तर उरल्यासुरल्या जागा मिळतात, आणि व्हिसाला वेळ पुरत नाही.

आता मोठा मुद्दा. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणं ही मुख्य अट आहे, काही ठरावीक अपवाद सोडून. मुलगी बारावी इंग्लंडमध्ये करेल तर हा ८५ टक्क्यांचा दरवाजा साधारणपणे बंद होतो. अखिल भारतीय कोटा आणि अभिमत विद्यापीठं उरतात, तीही ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देऊनच, आणि त्यासाठी ए-लेव्हलला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र तिन्ही घ्यावे लागतील. शिवाय ए-लेव्हलचा अभ्यास खोल पण मोजक्या घटकांचा, नीटचा रुंद आणि वेगाचा. दोन्ही एकदम साधणं फार कठीण. ए-लेव्हलचे निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतात, त्यामुळे समकक्षतेचे कागदही घाईत करावे लागतात. मुलीला भारतातच डॉक्टर व्हायचं असेल तर आमच्या मते बारावी इथेच करावी.

ज्यांना तिथेच विद्यापीठात जायचं आहे त्यांनीही एक गैरसमज काढून टाकावा. दोन-चार वर्षं तिथल्या शाळेत राहिल्याने विद्यापीठाची स्थानिक फी लागू होत नाही. शिक्षणासाठीचा मुक्काम त्यात धरत नाहीत. परदेशी विद्यार्थ्याचीच फी पडते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): खर्चाचा खरा आकडा कोणीच सांगत नाही. शिष्यवृत्ती मिळेल का? आणि पैसे पाठवायचे कसे?

फीपत्रकात आकडा वर्षाचा असतो की एका टर्मचा ते आधी पाहा. वर्षात तीन टर्म. मग व्हॅट धरून आहे की वगळून, ते पाहा. समजा व्हॅटसह टर्मला १६,००० पौंड. वर्षाचे झाले ४८,०००. पौंड ११५ रुपये धरला तर ५५ लाख २० हजार. सगळ्यात नावाजलेल्या शाळांत हाच आकडा ६० हजार पौंडांच्या घरात जातो. वर गणवेश, सहली, संगीताचे तास, परीक्षा शुल्क, गार्डियन (तिथे मुलाची जबाबदारी घेणारी व्यक्ती किंवा संस्था), विमानाच्या तीन फेऱ्या. फीच्या १० ते १५ टक्के वरखर्च वेगळा ठेवा आणि फी दरवर्षी वाढते हेही धरा. शिष्यवृत्ती असते, पण बऱ्याच शाळांत ती मानाची जास्त आणि पैशाची कमी. फीत घसघशीत सवलत उत्पन्न तपासून देतात आणि तिचा मोठा भाग तिथल्याच मुलांसाठी राखलेला असतो.

सही करण्याआधी करारपत्रातली तीन कलमं नीट वाचा. एक, अनामत. परदेशी मुलांकडून अनेकदा एका पूर्ण टर्मच्या फीएवढी घेतात आणि शाळा सोडताना शेवटच्या बिलात वळती करतात, म्हणजे ती पहिल्या टर्मची फी नव्हे. दोन, सूचना. शाळा सोडायची तर पूर्ण एक टर्म आधी लेखी कळवावं लागतं. जुलैत सोडायचं असेल तर एप्रिलमध्ये उन्हाळी टर्म सुरू होण्याआधी. एक दिवस उशीर झाला तरी एका टर्मची फी भरा. जागा स्वीकारून नंतर नको म्हटलं तरी हीच भरपाई लागू शकते. तीन, व्हिसा नाकारला गेला तर अनामत परत मिळते का? हे कलम नसेल तर लेखी मागून घ्या.

पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली जातात, माणशी आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ गोळा करते तो कर) नाही, त्याहून जास्त रकमेवर कापला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, तो बँकेतून खात्री करून घ्या आणि ‘शिक्षण’ हाच उद्देश नोंदला आहे ना ते पाहा, नाहीतर चढा दर लागतो. कापलेली रक्कम विवरणपत्रात करातून वळती होते, पण तोपर्यंत पैसे अडकतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत बारावीनंतरच्या शिक्षणाला आहे, शाळेला नाही.

आणि एक सावधगिरी. ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा शाळेच्या नावाने ईमेल आला तर एक पौंडही पाठवू नका. शाळेच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकावर फोन करून लेखा विभागाशी बोला. ईमेलमधला फोन नंबर वापरू नका.

प्रश्न (नागपूर): व्हिसासाठी पैसे दाखवायचे आहेत. आजोबांच्या खात्यात रक्कम आहे, बाकी म्युच्युअल फंडात. चालेल?

दोन्ही चालणार नाही. ४ ते १७ वयासाठीच्या ‘चाइल्ड स्टुडंट’ व्हिसाला खातं मुलाचं, आई-वडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचंच लागतं. शेअर, म्युच्युअल फंड, सोनं, भविष्यनिर्वाह निधी हिशेबात घेत नाहीत. आजोबांची रक्कम वडिलांच्या खात्यात आणा, पण वेळेत आणा, कारण ती तिथे सलग २८ दिवस असावी लागते आणि बँकेच्या कागदावरची शेवटची तारीख अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आत असावी लागते. निवासी मुलासाठी एका वर्षाची शिक्षण आणि निवासाची पूर्ण फी दाखवायची. शाळेकडून येणाऱ्या ‘सीएएस’ या प्रवेशनिश्चितीच्या पत्रात किंवा शाळेच्या पावतीत जेवढी फी भरल्याचं नमूद आहे तेवढीच त्यातून वजा होते. २८ पैकी एका दिवशी जरी शिल्लक खाली गेली, एखादा हप्ता कापला गेला, तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून सात-आठ टक्के जास्त ठेवा.

अर्ज शाळा सुरू होण्याआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, निर्णय सहसा तीन आठवड्यांत. सोबत मान्यताप्राप्त दवाखान्यातलं क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र, आई-वडील दोघांचं संमतिपत्र, जन्मदाखला (मराठीत असेल तर भाषांतरासह), आणि आरोग्य अधिभार, तो सध्या वर्षाला ७७६ पौंड. तो संपूर्ण व्हिसा कालावधीचा एकदम भरावा लागतो, हे ऐनवेळी कळून धांदल उडते. आई-वडिलांना सोबत राहायचा व्हिसा मिळत नाही. तसा व्हिसा ४ ते ११ वयाच्या, घरून ये-जा करणाऱ्या मुलांच्या पालकांपुरता आहे.

प्रश्न (मडगाव): मुलीकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. तिला तरी व्हिसा नको ना?

हवा. १ जानेवारी २०२१ पासून युरोपीय संघाच्या नागरिकांनाही (आयर्लंडचे सोडून) लागतो. क्षयरोग तपासणी नागरिकत्वावर नाही, राहण्याच्या जागेवर ठरते. ती गोव्यात राहत असेल तर तीही लागेल.

प्रश्न (रत्नागिरी): लेस्टरला मुलाची सख्खी आत्या राहते. तिला गार्डियन केलं तर संस्थेचे पैसे वाचतील. शाळा मान्य करेल?

बहुतेक शाळा करतात, पण गार्डियनसाठी प्रत्येक शाळेच्या स्वतःच्या अटी असतात: वय सहसा २५ च्या वर, शाळेपासून दोन-अडीच तासांच्या आत, आणि फोन केला की कधीही मुलाला न्यायला येणारी. रात्री दोनला मेट्रनचा फोन आला आणि आत्या नाइट शिफ्टला असली, तर कोण येणार? हे तिच्याशी आधी स्पष्ट बोला. नात्यात नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून ती हो म्हणते. तिला जमणार नसेल तर एईजीआयएस (गार्डियन संस्थांना मान्यता देणारी संघटना) किंवा बोर्डिंग स्कूल्स असोसिएशनची मान्यता असलेली गार्डियन संस्था घ्या. त्या यजमान कुटुंबाच्या घरी जाऊन तपासणी करतात.

नात्याचाही हिशेब आहे. १६ वर्षांखालचं मूल जवळच्या नात्याबाहेरच्या माणसाकडे सलग २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर तिथल्या नगर परिषदेला कळवावं लागतं. सख्खी आत्या, मावशी, काका, मामा, आजी-आजोबा, मोठं भावंड हे जवळचे नातेवाईक. आईची मामेबहीण मराठीत मावशीच, पण या कायद्यात ती परकी.

आत्याला शाळेचं वर्षाचं वेळापत्रक आताच पाठवा. प्रत्येक टर्मच्या मध्ये सुट्टी असते, ऑक्टोबरची काही शाळांत दोन आठवड्यांची, आणि तेव्हा हाउस कुलूपबंद होतं. त्याखेरीज टर्ममध्ये एक-दोन ‘एक्सिअॅट’, म्हणजे सक्तीने बाहेर पडायचे शनिवार-रविवार. विमानाची तिकिटं या तारखा पाहूनच काढा. सुट्टी दुपारी बाराला सुरू होते आणि आपण तिकीट सकाळी नऊचं काढतो, मग मुलाला लवकर सोडा म्हणून शाळेला गळ घालावी लागते. ती परवानगी सहसा मिळत नाही.